आखूड रेघ

थोरलीच्या पोटात दुखायला फार मोठं कारण लागायचं नाही. शेजारणीच्या कुंडीत एक फूल जास्त आलं तरी पुरायचं. पण तिच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या कामात ती स्वतः तरबेज होती, त्या कामात तिने कधी कोणाचा हेवा केला नव्हता, कारण हेवा करावा असं माणूस त्यात तिला भेटलंच नव्हतं. ते काम म्हणजे गणिताचं टायपिंग.

ती टायपिंग शिकली ती खडखडणाऱ्या जुन्या टाइपरायटरवर. त्यावर भागाकाराचं चिन्ह नव्हतं. थोरली आधी आडवी रेघ मारायची, एक घर मागे यायची आणि त्याच रेघेवर दोन टिंबं ठोकायची की भागाकार तयार. वर्गमूळ ती मागाहून पेनने काढायची, तेही पट्टी लावून. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासऱ्यांनी रस्त्याकडची खोली तिला उघडून दिली आणि म्हणाले, "इथे टेबल टाक. माझ्या शाळेचे पेपर तूच कर." सासरे गणिताचे मास्तर. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या शाळांचे मास्तरही आले, आणि बघता बघता आख्ख्या परिसरात ती टायपिंगवाल्या वहिनी झाली. तिचा नवरा घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचा, तर लोक त्यालाही टायपिंगवाल्या वहिनींचे मिस्टर म्हणायचे. तो बिचारा हसून घ्यायचा.

पुढे कॉम्प्युटर आला. थोरलीने त्यालाही वठणीवर आणलं. मराठी ती युनिकोडमध्येच टाइप करायची, पण चिन्हांच्या बाबतीत तिच्या हातचलाख्या जुन्याच राहिल्या. गुणाकाराला इंग्रजी एक्स. कोनाच्या अंशाला इंग्रजी ओ, बारीक करून वर चढवलेला. वर्गाचा दोन असाच आकार कमी करून उचललेला. वर्तुळाच्या सूत्रातल्या पायसाठी तिच्याकडे एक खास फॉन्ट होता, त्यात इंग्रजी पी दाबला की कागदावर पाय उमटायचा. आणि वजाला शब्द जोडायची आखूड रेघ. कागद हातात घेतल्यावर कोणाची छाती नव्हती चूक काढायची. एका प्राध्यापकाने तर भिंग लावून पाहिलं होतं आणि मान डोलवून कागद खाली ठेवला होता. ती हकिगत थोरली आल्यागेल्याला सांगायची.

मास्तर निवृत्त झाले आणि त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की पोर गणितात हरवतं ते वजाच्या चिन्हापाशी. तिथपर्यंत सगळं बोटांवर मोजता येतं. शून्याच्या खाली उतरलं की पायाखालची जमीन जाते, आणि तिथे बोट धरणारं पुस्तक नाही. ते लिहायला बसले आणि काचबिंदूने त्यांची नजर जायला लागली. आधी कडेकडेची गेली, मग मधली. शेवटी खिडकी उघडी आहे की बंद एवढंच कळायचं.

तेव्हापासून दुपारची जेवणं आटोपली की मास्तर रस्त्याकडच्या खोलीत येऊन बसायचे. ते सांगायचे, थोरली टाइप करायची, आणि पान भरलं की ठणठणीत आवाजात वाचून दाखवायची. मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "झकास. पुढे." त्या वेळी दारावर कोणी पेपर घेऊन आलं तर थोरली सरळ सांगायची, "आत्ता नाही, बाबांचं पुस्तक चाललंय." सांगताना तिची मान अंमळ ताठ व्हायची. सासूबाई केव्हाच गेल्या होत्या, मुलगी लग्न होऊन दुसरीकडे होती. मास्तरांच्या आयुष्यात त्या पुस्तकाएवढं मोठं दुसरं काही उरलं नव्हतं आणि त्या पुस्तकाची किल्ली होती थोरलीच्या हातात. अशा जागी बसायची माणसाला सवय लागते.

आणि मग धाकटी आली.

धाकटा दीर पुलांच्या कामावर असायचा. या वेळचा पूल आडगावी होता, तिथे राहायची सोय नव्हती, म्हणून त्याने बायकोला घरी आणून सोडलं. धाकटीचं काम लॅपटॉपवरचं. कुठल्याशा प्रकाशन कंपनीची पुस्तकं ती स्क्रीनवर वाचता येतील अशी तयार करायची. पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करतेस?"

"ज्यांना दिसत नाही त्यांनाही ऐकता येतील अशी पुस्तकं करते, बाबा. मशीन वाचून दाखवतं."

"गणितसुद्धा?"

"चिन्हं नीट घातली असतील तर गणितसुद्धा."

"मग आमचं लाव की," मास्तर म्हणाले. खरं तर ते 'आमचं' थोरलीला फार बरं वाटलं होतं. तिने स्वतः हौसेने पहिल्या प्रकरणाची फाइल काढून दिली.

धाकटीने बटण दाबलं. एका बाईचा सपाट आवाज खोलीत आला. धड्यातली वाक्यं त्या आवाजाने नीट वाचली आणि मग पहिलं उदाहरण आलं.

"पाच तीन बरोबर दोन," मशीन म्हणालं. "सात नऊ बरोबर दोन."

मास्तर पुढे झुकले. "वजा कुठे गेलं?"

धाकटी स्क्रीनकडे वाकली. "ताई, वजासाठी कोणती रेघ घेता तुम्ही?"

"कोणती म्हणजे? रेघ ती रेघ," थोरली म्हणाली.

"ही शब्द जोडायची आखूड रेघ आहे. मशीन तिला विरामचिन्ह समजतं आणि सोडून देतं. वजाचं खरं चिन्ह वेगळं असतं, अगदी किंचित लांब. युनिकोडमध्ये प्रत्येक गणिती चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. दिसायला जुळी असली तरी कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं."

पुढे मशीन म्हणालं, "दोन एक्स तीन बरोबर सहा." मग म्हणालं, "वर्तुळाचं क्षेत्रफळ पी आर दोन." मीटर वाचून नुकताच घरी आलेला थोरला दारात उभा राहून हसला. बायकोने एकदाच वळून पाहिलं, तसा तो पाय धुवायला गेला.

"कागदावर तर व्यवस्थित दिसतं," थोरली म्हणाली.

"कागदावर छानच दिसतं, ताई. पण बाबांना कागद दिसत नाही ना."

धाकटीच्या बोलण्यात खोच नव्हती. खोच असती तर बरं झालं असतं, थोरलीला उलटून बोलता आलं असतं. तिने कपबशा उचलल्या आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर दुपारी लॅपटॉप मास्तरांच्या खोलीत उघडायला लागला. धाकटीने चिन्हांचा तक्ता काढला आणि जुनी प्रकरणं एकेक करून सुधारली. नवीन प्रकरणंही मास्तर तिलाच सांगायला लागले, कारण ती टाइप करायची ते लगेच मशीनकडून ऐकता यायचं. कोणत्या कळा दाबल्या की मागची ओळ, कोणत्या दाबल्या की पुढची, हे मास्तरांनी चाचपून चाचपून शिकून घेतलं. मग काय विचारता. कानात इअरफोनची बोंडं घालून म्हातारा तासन् तास एकटा बसायला लागला. एकच ओळ दहादा ऐकायचा, स्वतःशी पुटपुटायचा आणि हाक मारायचा, "धाकटे, तिसऱ्या ओळीत गुणिलेच्या जागी भागिले घाल."

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण थोरलीने लहानपणापासून ऐकली होती. आता तिची रोज प्रचिती येत होती. स्वयंपाकघरातून मास्तरांची खोली सरळ दिसायची आणि थोरलीचं भाजी चिरणं त्या दिवसांत फार सावकाश चालायचं. धाकटी काही बोलली आणि मास्तर हसले, की थोरलीच्या सुरीचा आवाज मोठा व्हायचा. इतकी वर्षं मी वाचलं तेव्हा नुसतं 'झकास, पुढे', आणि हिने चार कळा दाबल्या तर हसू. मशीनकडून एकच ओळ किती वेळा ऐकायची त्याला काही सुमार? माझ्याकडून तर एकदाच ऐकायचे. माझं वाचणं एकदाच पुरायचं, मनाची अशी समजूत घातली की तिला थोडं बरं वाटायचं आणि पुन्हा हसू ऐकू आलं की ती समजूत पुन्हा पहिल्यापासून घालावी लागायची.

धाकटीचं काहीही करणं तिला खुपायला लागलं. ती लवकर उठली तर दाखवायला उठते, उशिरा उठली तर लाडावलेली आहे. ती म्हणाली, "ताई, तुम्हालाही शिकवू का चिन्हं? सोपं आहे," तर थोरली म्हणाली, "आम्हाला कुठलं जमायला." आणि मग धाकटीची पाठ वळली की लॅपटॉपशेजारच्या तक्त्यावरून तीच चिन्हं गुपचूप शिकली. वजाचा क्रमांक तिला दोन दिवसांत पाठ झाला. तिच्या पेपरांमध्ये मात्र तिने आखूड रेघच ठेवली. खरी रेघ वापरली असती तर धाकटीचं बरोबर होतं असं झालं असतं.

नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. एकदा तिने विषय काढला तर तो म्हणाला, "अगं, तुझा व्याप कमी झाला की. जरा पाय पसरून बस."

"मी सांगितलं होतं माझा व्याप कमी करा म्हणून?"

"बरं, मग वाढवू का?" असं म्हणून तो पेपर वाचायला लागला. पुरुषांना बोलायचं कधी कळत नाही आणि गप्प बसायचं तर त्याहून कळत नाही.

एका दुपारी धाकटी दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेली. मास्तर आत झोपले होते. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता आणि समोर पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण होतं. ऋण संख्यांची ऋण संख्यांतून वजाबाकी. त्यात तर ओळीओळीला दोन दोन वजा. धाकटीने ते सकाळीच पुरं केलं होतं आणि मास्तरांनी अजून ऐकलं नव्हतं.

थोरली खुर्चीवर बसली. तिने शोधा-आणि-बदला उघडलं. शोधायच्या चौकटीत खरं वजा घातलं आणि बदलायच्या चौकटीत आपली आखूड रेघ. जरा वेळ तिचा हात थांबला. पण तो चांगुलपणाने थांबला नव्हता, आतून खोकल्याचा आवाज आला होता म्हणून थांबला होता. खोकला शमला. तिने 'सगळीकडे' वर टिचकी मारली, फाइल साठवली, बंद केली आणि स्वयंपाकघरात येऊन हात धुतले.

बेत साधा होता. मास्तर ऐकतील, वजा गायब असतील, मग त्यांना कळेल लाडक्या सुनेचं काम किती पक्कं असतं ते. हाक येईल, "थोरले, जरा इकडे ये, तूच वाचून दाखव." यापलीकडे तिला काही नको होतं. धाकटीला घराबाहेर काढायचं नव्हतं, पुस्तक बुडवायचं नव्हतं. तिला फक्त ती हाक हवी होती.

संध्याकाळी मास्तर कानात बोंडं घालून बसले. थोरली स्वयंपाकघरातून बघत होती. ते ऐकत होते. मग त्यांनी मागची ओळ लावली. पुन्हा मागची. पुन्हा. कपाळावर आठी आली आणि थोड्या वेळाने ती गेली. मग चेहऱ्यावर काहीच राहिलं नाही. त्यांनी बोंडं कानातून काढली, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, "बसायचं का, बाबा?" तर ते म्हणाले, "आज नको." त्याच्या पुढच्या दिवशीही नको. जेवताना घास हातात धरून थांबायचे. एकदा थोरल्याला मध्येच विचारलं, "काल तू मला काही सांगितलं होतंस का रे? कशाबद्दल तरी?" थोरला म्हणाला, "नाही बा." त्यावर मास्तरांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

थोरलीला हळूहळू उमगायला लागलं. मास्तरांचे थोरले भाऊ शेवटी सगळं विसरले होते. स्वतःचं घर लोकांना विचारायचे. त्यांचं सगळं मास्तरांनी केलं होतं, आणि 'मला असं व्हायच्या आत मी जावं' हे वाक्य या घरात सगळ्यांनी ऐकलेलं होतं. वजा गायब झालेले ऐकून मास्तरांना धाकटीचा संशयसुद्धा आला नव्हता. ते सरळ धरून चालले होते, की सांगताना आपणच वजा विसरलो. म्हणजे स्वतःच्या डोक्यापेक्षा त्यांचा धाकटीवर जास्त भरवसा होता. लाज वाटायच्या त्या क्षणी थोरलीला आधी वाटला तो हेवा. मग लाज वाटली. मग तोंड उघडायचं ठरवलं, आणि दारापर्यंत जाऊन परत आली. काय सांगणार होती? मी केलं म्हणून? का केलं म्हणून विचारलं असतं तर?

त्या आठवड्यात एके दिवशी सगळे जेवायला बसले होते, तेव्हा मास्तर म्हणाले, "पुस्तक बंद करू या."

थोरल्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"माझ्या डोक्यातून वजा निसटायला लागलेत," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "ज्याला वजा सांगता येत नाहीत त्याने हे पुस्तक लिहू नये. आणि थोरल्या, डोकं तपासणारा कोणी डॉक्टर असेल तर माझं नाव घाल."

धाकटी उठली आणि हात धुऊन लॅपटॉप घेऊन आली. तिने ते प्रकरण उघडलं. तिला एक ओळ पुरली. रोज त्या दोन रेघांशी तिचा संबंध, आखूड कोणती आणि लांब कोणती हे तिला लांबूनही कळलं असतं. तिने मान वर करून थोरलीकडे पाहिलं. थोरली ताटातल्या मिठाकडे बघत होती.

"बाबा," धाकटी म्हणाली, "तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. चूक माझी आहे. घाईत मी सगळीकडे आखूड रेघ टाइप केली. तुम्ही वजा सांगितले होते, सगळेच्या सगळे. मला आठवतंय."

"तू?" मास्तर म्हणाले. "तू कशी चुकशील?"

"दाढ ठणकत होती. चुकले. थांबा, आत्ता दुरुस्त करते." तिने उलट बदल केला, सगळ्या आखूड रेघा जाऊन त्यांच्या जागी खरे वजा, आणि मशीन सुरू केलं. प्रकरणाच्या सुरुवातीला मास्तरांनी एक गोष्ट घातली होती.

"एका घरात आई वजा वडील आणि दोन वजा तीन मुलं राहत होती," मशीन म्हणालं. "ती हळू वजा हळू मोठी होत होती."

थोरला ठसकला. "आई वजा वडील," तो म्हणाला, "म्हणजे बाकी शांतता." आणि मग मास्तर हसले. इतक्या दिवसांचं साचलेलं हसू होतं ते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शब्द जोडणाऱ्या रेघाही सरसकट वजा झाल्या होत्या. जुनी प्रत कुठे ठेवलेली नव्हती, म्हणजे आता कोणती रेघ कशाची हे एकेक करून बघण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण त्याचं मास्तरांना काही नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, चाचपत धाकटीचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला.

"चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं," ते म्हणाले.

आता पुढचं थोरलीने पश्चात्तापाने केलं असं सांगता आलं असतं तर तिच्यासाठी बरं होतं. पश्चात्ताप होता, नव्हता असं नाही. पण तो इतके दिवस घशाशी अडकून बसला होता, त्याला बाहेर ढकललं ते दुसऱ्याच कशाने. टायपिंग हिचं, हसू हिचं, भरवसा हिचा, आणि आता माझ्या पापावर मोठं मनही हिचंच? डोक्यावरचा तो हात थोरलीला बघवला नाही.

"तिने नाही केलं," ती म्हणाली. "मी केलं. मुद्दाम केलं."

मास्तरांचा हात धाकटीच्या डोक्यावरून खाली आला.

"केव्हा?"

"ती दाताच्या डॉक्टरकडे गेली होती तेव्हा."

"सगळे वजा काढलेस?"

"सगळे."

मास्तरांनी समोरचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मला वाटलं माझं दादासारखं झालं."

"माहीत आहे."

"तुला दिसत होतं, मी काय समजून बसलोय ते?"

"दिसत होतं."

ते उठले आणि भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले. थोरल्याने बायकोकडे असं पाहिलं, की जणू एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मीटरचा आकडा उलटा फिरताना दिसला. स्वयंपाकघरात भांडी आवरताना धाकटी हळूच म्हणाली, "कशाला सांगितलंत, ताई? मी घेतलं होतं की अंगावर."

"तेच नको होतं," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. रात्रभर तिने माफीची वाक्यं जुळवली होती. तोंड उघडलं तेव्हा त्यातलं एकही आलं नाही.

"बाबा, वाचून तर मीच दाखवत होते ना तुम्हाला," ती म्हणाली. "मशीनने काय वेगळं केलं? माझ्या वाचण्यात काय कमी होतं? तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काही कमी नव्हतं. आवाज तर तुझाच चांगला."

"मग?"

मास्तर खुर्चीत जरा सरकले. "म्हाताऱ्या डोक्याला एकदा ऐकून पुरत नाही गं. एकेक ओळ दहादा ऐकावी लागते."

"मग म्हणायचं ना मला, पुन्हा वाच म्हणून. मी नाही म्हटलं असतं का?"

"नाही नसतंच म्हटलं. एकदा म्हटलं होतं मी, पुन्हा वाच म्हणून. डोळे गेले त्याच वर्षी. तू वाचलंस, अगदी नीट वाचलंस. पण वाचायच्या आधी असा श्वास सोडलास." त्यांनी नाकातून हलकेच श्वास सोडून दाखवला. दमलेलं माणूस सोडतं तसा. "त्यात तुझी चूक नाही. सकाळपासून राबत असायचीस. पण मग मला पुन्हा म्हणवेना. कळलं नाही तरी झकास म्हणायचो. मशीन श्वास सोडत नाही."

थोरलीने आठवून पाहिलं. ती खोली, ते टेबल, मास्तरांची मिटलेली पापणी, सगळं आठवलं. तो श्वास काही केल्या आठवला नाही. आठवला असता तर भांडता तरी आलं असतं, त्या दिवशी असं झालं होतं, तसं झालं होतं, सांगता आलं असतं. इतक्या दुपारी ती ज्या 'झकास'वर जगली होती, त्यातले खरे किती आणि तिला न दुखवण्यासाठी म्हटलेले किती, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. धाकटी या घरात आली त्याच्या कितीतरी आधी तिची जागा गेली होती, आणि ती मात्र किल्ली कमरेला लावून बसली होती.

बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, "त्या प्रकरणात कोणती रेघ कशाची, हे कोणाला तरी डोळ्यांनी बघून लावावं लागेल. धाकटीला तिची कामं आहेत."

थोरलीने लॅपटॉप ओढला आणि ती त्यांच्या शेजारी बसली. 'आई वजा वडील'मधला वजा काढला, 'दोन वजा तीन मुलं'मधला काढला. मग पहिलं उदाहरण आलं. ते तिने वाचलं, "वजा सात वजा, कंसात वजा तीन, बरोबर वजा चार."

मास्तरांचे ओठ हलले आणि थांबले. विचारू की नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

"पुन्हा," ते शेवटी म्हणाले.

तिने वाचलं.

"पुन्हा."

या वेळी श्वास छातीत आला होता आणि बाहेर पडायला बघत होता. थोरलीने तो ओठ मिटून तिथेच धरला. धरताना आवाज घोगरा झाला, तरी तीच ओळ तिने सुरुवातीपासून नीट वाचली. मशीनला हे किती सोपं जात असेल, असं तिला वाटलं, आणि त्या मशीनचा तिला मनापासून हेवा वाटला.